मालिकेतला शेफ आणि माझी जीभ

संध्याकाळी आठ वाजले की आमच्या बिल्डिंगच्या सगळ्या घरांतून एकच गाणं वाजायला लागतं आणि माझं डोकं सणकतं. ते त्या मालिकेचं शीर्षकगीत. मालिका एका मोठ्या हॉटेलच्या किचनवर आहे. नायक तिथला शेफ, नायिका त्याच्या हाताखाली शिकायला आलेली गरीब मुलगी आणि मालकाची बहीण दोघांच्याही वाइटावर टपलेली. मीरा रोडसारख्या ठिकाणी एका मजल्यावर मराठी, गुजराती, मारवाडी, मद्रासी सगळे एकमेकांना खेटून राहतात आणि कशावरच त्यांचं एकमत होत नाही. पाण्याच्या टाकीवरून भांडतात, पार्किंगवरून भांडतात. पण ही मालिका सगळ्यांना आवडली.

सुरुवातीला मीही बघायला बसलो होतो. हॉटेलच्या किचनमध्ये माझं आयुष्य गेलंय. रत्नागिरीहून आलो तो थेट भांडी घासायला. तिथून कांदा कापायला, मग भट्टीवर, आणि शेवटची कित्येक वर्षं भाईंदरच्या एका हॉटेलात मुख्य स्वयंपाकी होतो. म्हटलं, चला, सासू-सुनांच्या पलीकडे कोणीतरी आपलं जग दाखवतंय. पहिल्याच भागात शेफने कढईत कांदा टाकला आणि नायिकेकडे वळून तिला तिच्या मेलेल्या बापाबद्दल विचारायला लागला. ती रडली. त्याने तिला रुमाल दिला. जाहिराती झाल्या. परत आले तरी ती रडतच होती आणि मागे कढईखाली गॅस भडभडून पेटलेला.

"अरे बाबा, कांदा जळला!" मी ओरडलो. "आधी गॅस बारीक कर, मग विचार बापाचं!"

"अहो, ओरडताय कुणावर? त्याला ऐकू जातंय का?" बायको म्हणाली.

नंतर कॅमेरा कढईवर आला. कांदा छान गुलाबी! मी चप्पल घातली आणि खाली जाऊन उभा राहिलो. मालिकेतल्या त्या किचनमध्ये घाम नाही कुणाला. नायिकेचे केस मोकळे, थेट रश्श्यात जातील असे. शेफचा कोट पांढराशुभ्र, त्यावर हळदीचा एक डाग नाही. भट्टीपुढे उभं राहिल्यावर दंडावरचे केस जळतात, पायांची सालं निघतात, ऑर्डर अडकली की आई-बहिणीवरून शिव्या बसतात, त्यातलं काहीच नाही. हे मी बायकांना सांगायला गेलो तर समोरच्या दारातल्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही म्हणता तसं दाखवलं तर बघणार कोण?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यामुळे मी अजूनच चिडलो.

पण हे सगळं मी सोसलं असतं. माझ्या खरं डोक्यात जायचं ते त्या शेफचं चाखणं. दर दोन दिवसांनी हा माणूस कुणाच्यातरी टोपात चमचा घालतो, तोंडात धरतो आणि डोळे मिटतो. संगीत थांबतं. सगळं किचन श्वास रोखून उभं. मग डोळे उघडून तो म्हणतो, "यात दगडफूल कमी आहे." आणि तोच चमचा परत टोपात!

पहिल्यांदा त्याने हे केलं त्या रात्री बिल्डिंगच्या फोनवरच्या ग्रुपवर नुसता धुरळा उडाला. वहिनींनी लिहिलं, शी, उष्टा चमचा परत घातला, संस्कार आहेत की नाही. आणखी दोघी-तिघींनी त्यांची री ओढली. वरच्या मजल्यावरच्या गुजराती बेनना मात्र शेफ फारच आवडलेला. दुसऱ्या दिवशी जिन्यात त्या वहिनींना म्हणाल्या, "भाभी, उसकी आँखें देखो ना, चम्मच कौन देखता है!" दोघी खिदळल्या. मी कडेने उतरत होतो. बेननी मला थांबवलं आणि विचारलं, "भाई, सच्ची में ऐसा पता चलता है? आँख बंद करके?"

"चलता है," मी म्हणालो आणि भराभर पायऱ्या उतरलो.

चलता था, असं म्हणायला हवं होतं. तो मोठा आजार सगळीकडे पसरला होता तेव्हा मीही तापाने पडलो. ताप गेला आणि जाताना माझं नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, पुष्कळांचं येतं. माझं आलं नाही. मी रोज सकाळी हिंगाची डबी उघडून नाकाशी धरायचो. लिंबू चावायचो. मिठाचा खडा जिभेवर ठेवायचो, तो विरघळायचा, एवढंच. पूर्वी रिक्षातून नया नगरमधून जाताना कुठल्या शिगडीवर कलेजी आहे आणि कुठल्या शिगडीवर खिमा, हे मला डोळे न वळवता कळायचं. आता तिथून जातो तर नुसता धूर दिसतो. हॉटेलात मी अंदाजावर काही महिने रेटलं. मग एके दिवशी खराब झालेलं खोबरं मी वाटपात घातलं आणि मला समजलं नाही. ताट परत आलं, दुसरं आलं, तिसरं आलं. मालकाला मी सांगितलं, गुडघे गेले, आता उभं राहवत नाही. गुडघे माझे आजही ठणठणीत आहेत.

हे फक्त बायकोला माहीत होतं. तारोडीहून मासे घेऊन येणारी बाई एकदा दारात म्हणाली, "भाऊ, आता वास न्हाय घेत? आधी तर नाकाला लावून बघायचास." मी म्हटलं, तुझ्यावर विश्वास आहे, आणि कल्ले उघडून लाल आहेत ना तेवढं बघितलं. खरं सांगितलं नाही. कारण लोकांना कळलं की संपलं. आंधळ्याला कोणी गाडी चालवायला देत नाही, तसं जीभ नसलेल्याला कोण टोपाशी उभं करणार? हॉटेल सुटलं तरी बिल्डिंगमध्ये, गावच्या मंडळात, नातेवाइकांत मी अजून स्वयंपाकी होतो. लोक विचारायचे, मसालेभाताला तांदूळ कुठला घेऊ, वड्याचं पीठ किती जाडसर दळू. मी सांगायचो, ते करायचे. तेवढंच माझ्याकडे उरलं होतं आणि तेवढं मला कुणी काढून घ्यायला नको होतं.

आणि नेमकी तेव्हा ही मालिका आली.

आधी वहिनी आल्या. हातात वाटी, वर ताटली. "भाऊजी, जरा चाखून सांगा हो, काय कमी आहे? तो शेफ सांगतो तसं!" मागे त्यांची मुलगी मोबाइल धरून उभी. मी बायकोकडे बघितलं, तिने माझ्याकडे. आता काय करायचं? वाटीत मुगागाठीची, म्हणजे मोड आलेल्या मुगाची आमटी होती. मी घोट घेतला. कोमट पाणी. म्हणून मी डोळे मिटले नाहीत, उघडे ठेवले. वर तेल सुटलं नव्हतं, खोबऱ्याचा रवा दिसत होता आणि वहिनी माझ्याकडे बघताना ओठ चावत होत्या. म्हणजे त्यांना स्वतःलाच काहीतरी खटकत होतं. मी म्हणालो, "वाटप घाईत भाजलंत." वहिनींनी कपाळावर हात मारला. "बाई गं! खरंच! दूध उतू जात होतं म्हणून गॅस मोठा केला मी!"

झालं. दुसऱ्या दिवशी बेन दाल ढोकळी घेऊन हजर. मग तिसऱ्या मजल्यावरून सांबार. मग कुणाच्यातरी सुनेची पहिली पुरणपोळी. मालिका संपली की साडेआठला आमच्या दाराची बेल वाजायचीच. मला एक गोष्ट तेव्हा समजली. बाई वाटी पुढे करते तेव्हा तिच्या तोंडावरच सगळं लिहिलेलं असतं. मीठ जास्त झालं असेल तर ती आधीच सांगते, "आज जरा घाईतच केलंय." तिखट कमी असेल तर म्हणते, "पोरं खात नाहीत ना." रंग बघायचा, दाटपणा बघायचा, तिच्याकडे बघायचं आणि बोलायचं. मी तोंडं वाचत होतो आणि लोकांना वाटायचं मी चव घेतोय.

मला ह्याची चीड येत होती. खोटी गंमत आहे ही. कुणी प्रेमाने केलेला पदार्थ तोंडात घ्यायचा, तो चिखलासारखा गिळायचा आणि वर ज्ञान पाजळायचं. बेल वाजली की मी बायकोला म्हणायचो, सांग झोपलोय. ती म्हणायची, "साडेआठला? आणि परवा काय सांगू? तेरवा?" मग मी उठायचो. त्या शेफला मनातल्या मनात शिव्या घालायचो. मेल्या, तुझ्यामुळे हे सगळं. तू डोळे मिटतोस आणि पगार घेतोस, इथे माझी रोज परीक्षा.

आमच्या बिल्डिंगची वर्षाची सत्यनारायणाची पूजा असते. खाली पार्किंगमध्ये मंडप, दुपारी महाप्रसाद. दरवर्षी कॅटरर यायचा. यंदा मीटिंगमध्ये सेक्रेटरी उठून म्हणाले, "काका आपल्यात असताना कॅटरर कशाला? आपल्याकडे खरा शेफ आहे!" टाळ्या पडल्या. बेन तर उभ्याच राहिल्या. मी नाही म्हणणार होतो. देवाशपथ नाही म्हणणार होतो. पण टाळ्या वाजत होत्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "करू की."

घरी आल्यावर बायको चढली माझ्यावर. "अहो, होय म्हणून बसलात! एवढ्या माणसांचं जेवण! आणि चाखणार कोण? मी?"

"कोणीच नाही," मी म्हणालो. "नैवेद्याचा स्वयंपाक आहे. चाखायचा नसतोच."

आमच्याकडे, आणि आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्याच बायकांकडे, हा नियम पक्का. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कणभर तोंडात टाकायचं नाही, नाहीतर ते उष्टं झालं. म्हणूनच तर त्या चमच्यावरून एवढा दंगा झाला होता. मी आडव्या पडलेल्या माणसासारखा दिवस काढत होतो आणि अचानक मला उभं राहायला जागा मिळाली. त्या दिवशी अख्ख्या मीरा रोडमधला कुठलाही स्वयंपाकी आणि मी सारखेच. सगळ्यांनी हातावर आणि डोळ्यावरच करायचं. आणि हात माझा गेला नव्हता. मुठीत किती मीठ मावतं हे माझ्या बोटांना ठाऊक होतं. हे जेवण जमलं असतं तर सेक्रेटरी गणपतीचं आणि नवरात्रीचंही माझ्याकडेच देणार होते. मी परत टोपाशी उभा राहिलो असतो.

पूजेच्या आदल्या संध्याकाळी मालिकेचा म्हणे फार मोठा भाग होता. मी आतल्या खोलीत वाटाणे निवडत बसलो होतो, पण बाहेर वहिनी आणि बेन आमच्याच टीव्हीपुढे बसल्या होत्या, त्यामुळे सगळं कानावर पडलं. कोणीतरी मंत्री जेवायला येणार असतो. स्वतःच्या बापाच्या आठवणीने शेफचं चित्त थाऱ्यावर नसतं आणि तो रश्श्यात मीठच घालायला विसरतो. नायिकेला ते कळतं. ती त्याला सांगत नाही, त्याचा अपमान होईल ना! त्याची पाठ वळली की गुपचूप मीठ टाकते. मंत्री खूश. शेफला काहीच माहीत नाही. ती खांबामागे उभी राहून डोळे पुसते.

इकडे आमच्याकडेही डोळे पुसणं चालू. बेन हुंदके देत होत्या. वहिनी म्हणाल्या, "अशी माणसं पाहिजेत बघा आयुष्यात. न बोलता सावरून घेणारी."

मी बाहेर आलो. "दुसऱ्याच्या टोपात न विचारता मीठ टाकणाऱ्याला आमच्याकडे भट्टीजवळ उभं नसतं केलं. कानाखाली बसली असती."

"भाई, आप में ज़रा भी दिल नहीं है," बेन नाक ओढत म्हणाल्या. बायकोने मला हाताने आत जा म्हणून खुणावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या शेडमध्ये शेगड्या लागल्या. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, काळ्या वाटाण्याची आमटी. आमटी मी मुद्दाम घेतली. आमच्या गावची ती. कांदा-लसूण नसताना नुसत्या भाजलेल्या खोबऱ्यावर तिला उभी करायची, तर हाताला काहीतरी येत असावं लागतं. वहिनी, बेन आणि बायको मदतीला. त्या शेगडीजवळ आल्या आणि गप्पा सुरू. कालचा भाग, मंत्र्याची मिशी, नायिकेची साडी. मी खोबऱ्याच्या रंगावर डोळा ठेवून होतो. वास येत नसला की भाजणं फक्त डोळ्यांनी पकडावं लागतं, क्षणभर नजर हटली तर गेलं. शेवटी मी ओरडलोच. "एक शब्द बोलायचा नाही इथे! काही विचारायचं नाही मला! ज्याला बोलायचंय त्याने मंडपात जाऊन बोला!"

त्या चिडीचूप झाल्या. कितीतरी दिवसांनी माझा तो आवाज बाहेर आला होता. खरं सांगतो, मला बरं वाटलं. वहिनी केळीची पानं पुसायला मंडपात गेल्या. मी वाटाण्यांत वाटप सोडलं, मिठाची मूठ टाकली, वर अर्धी टाकली, डाव फिरवला. रंग असा उतरला की मी दोन पावलं मागे सरून बघितलं. मग वहिनी परत येऊन त्या टोपापाशी उभ्या राहिल्या आणि मी पुऱ्यांकडे वळलो.

भटजींनी नैवेद्य दाखवला. तुळशीचं पान ठेवलं, पाणी फिरवलं. मी सगळ्यांचं जेवण आटोपल्यावर मागच्या मागे बसणार होतो, हॉटेलात आम्ही सगळ्यांत शेवटीच जेवतो. पण सेक्रेटरींनी दंडाला धरून पहिल्या पंगतीत बसवलं. "आज तुम्ही बसायचं काका, वाढायला माणसं आहेत." समोर बेन, बाजूला सेक्रेटरी. माझ्या वाटीत आमटी आली. मी वाटी उचलली आणि तोंडाला लावली. गरम होती, दाट होती, घशातून छान उतरली. मी अर्धी वाटी एका दमात प्यायलो आणि मान वर केली.

कारण मला तोंडं बघायची होती. तेच तर होतं माझ्याकडे. बेनचा हात मध्येच थांबल्यासारखा वाटला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या वाटीकडे बघितलं आणि हसल्या. "बहोत बढ़िया, भाई." सेक्रेटरी म्हणाले, "काका, एक नंबर." पलीकडून कोणीतरी म्हणालं, हॉटेलची आठवण झाली. सगळी तोंडं माझ्याकडे वळलेली आणि सगळी हसरी. माझा ऊर भरून आला. मी बायकोला हाक मारली, "अगं, आमटी आण." ती आली, पण तिने डाव वाटीवर धरून ठेवला. "पुरे आता. भात घ्या," ती हळूच म्हणाली. मला वाटलं ही माझ्या रक्तदाबाला घाबरतेय. "वाढ गं!" मी म्हणालो. तिने वाढली. मी तीही प्यायलो. लोक पाणी फार मागत होते. मी म्हटलं, उकाडा आहे.

त्या दुपारी मी घरी येऊन आडवा झालो तेव्हा मला जितकं हलकं वाटलं, तितकं आजारानंतर कधी वाटलं नव्हतं. मी बायकोला म्हटलंसुद्धा, "गेलं नाही गं काही. हातात आहे अजून." ती पातेली घासत होती. तिने नळ मोठा केला.

संध्याकाळी मंडपवाला शेगड्या न्यायला आला म्हणून मी खाली गेलो. मसालेभाताचा टोप खरवडून स्वच्छ. भाजीचा रिकामा. आमटीचा टोप जवळजवळ तसाच भरलेला. मी त्याच्याकडे बघत उभा राहिलो. हॉटेलात राहून माणूस दुसरं काही शिकला नाही तरी हे शिकतो, लोक तोंडाने काहीही बोलतात, टोपात काय उरतं ते बघायचं. मी वर आलो. "आमटी का उरली?"

"माणसं कमी आली," बायको म्हणाली.

"मग भात कसा संपला?"

ती ओटा पुसायला लागली. तेवढ्यात दारातून वहिनी आत आल्या. आमचं बोलणं समोर ऐकू गेलं असणार. त्यांचे डोळे सुजलेले. "भाऊजी, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मी टोपापाशी आल्यापासून तुम्ही मीठ घातलेलं मला दिसलं नाही. तुम्ही विचारू नका म्हणालात. चाखता येत नव्हतं. मला वाटलं तुम्ही विसरलात, सगळ्यांसमोर तुमची शोभा होईल. म्हणून मी दोन मुठी टाकल्या."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. पण ती आग मिठाची नव्हती. मीठ काय, पडतं जास्त. हॉटेलात कितीदा पडलंय. ताट परत येतं, वेटर शिव्या खातो, आपण बटाटा टाकतो, पाणी वाढवतो, नवीन टोप चढवतो. "मग सांगितलं का नाही कोणी?" मी ओरडलो. "एवढी माणसं बसली होती! एकाने तरी तोंड वाकडं करायचं! एकाने वाटी सरकवायची! मी तिथेच उठून सारखी केली असती!"

"कसं सांगणार, भाऊजी?" वहिनी रडायलाच लागल्या. "घशाखाली उतरत नव्हती ती. बेननी पहिला घोट घेतला, त्या सांगणारच होत्या. पण तुम्ही तोवर अर्धी वाटी संपवली होती. मग तुम्ही आणखी मागून घेतलीत. तेव्हा आम्हाला सगळ्यांना कळलं."

काय कळलं, हे विचारायची गरज नव्हती. मी खुर्चीत बसलो. पंगतीतली ती हसरी तोंडं मला परत एकेक करून दिसायला लागली. पोरांनासुद्धा कोणीतरी दटावलं असणार, कारण एकही पोर थूः करून उठलं नव्हतं. सगळी बिल्डिंग माझ्यासाठी गपगुमान मीठ गिळत बसली होती. दया आली होती त्यांना माझी. आणि मी त्यांच्याकडे बघून स्वतःची पाठ थोपटून घेत होतो.

"वहिनी," मी म्हणालो, "मला जीभ नाही, हे खरंय. नाकही नाही. मी तुमची तोंडं बघून चालवत होतो इतके दिवस. तुम्ही सगळ्यांनी मिळून तेही बंद केलंत हो."

त्यांना ते समजलं की नाही, माहीत नाही. त्यांनी माझ्या पायांना हात लावला, मी पाय मागे घेतले. त्या घरी गेल्या. टोपातली आमटी बायकोने खाली जाऊन गटारात ओतली. एवढ्या माणसांचं अन्न! तो आवाज मला वरपर्यंत ऐकू आला असं वाटलं, पण वाटलंच असेल.

त्या दिवसापासून जिन्यात सगळे माझ्याशी फार गोड बोलतात. बेन मला भाई म्हणताना आवाज खाली आणतात, आजारी माणसापाशी आणतात तसा. सेक्रेटरी म्हणाले, "काका, गणपतीला तुम्ही फक्त आराम करा, नुसतं लक्ष ठेवा." इतका राग येतो मला त्या गोडपणाचा! कोणीतरी एकदा म्हणा, काका, तुमच्यामुळे आम्ही उपाशी उठलो. कोणी म्हणत नाही.

परवा मी घरीच डाळ केली. बायकोला म्हटलं, तू हात लावायचा नाहीस. फोडणी दिली, मीठ घातलं, उकळी आणली. आम्ही दोघं जेवायला बसलो. मी तिच्या वाटीत वाढली आणि ती पहिला घास घेईपर्यंत थांबलो.

"मीठ?" मी विचारलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती ताटात बघून जेवत होती. मी आणखी थोडा वेळ बघत राहिलो, पण तिने मान काही वर केली नाही.